तीन सेकंदांचं बसणं

माणूस दारातून आत येतो, खुर्ची ओढून बसतो, समोरच्या बाईने सरकवलेलं पत्र वाचतो आणि उठून जातो. पडद्यावर हे मिनिटभरात उरकेल. पुण्यातल्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने त्यासाठी अख्खा दिवस घातला आणि मी स्टुडिओच्या भिंतीला टेकून तो पाहत होते.

याला कन्टिन्युइटी एक्सरसाइज म्हणतात. गोष्ट जवळपास नसतेच. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या जागी कॅमेरा ठेवून घेतलेले तुकडे जोडल्यावर सलग वाटले पाहिजेत, एवढीच मागणी. ती किती अवघड आहे हे त्या माणसाच्या बसण्यावर कळलं. आधी लांबून मास्टर शॉट झाला. मग कॅमेरा जवळ आणला, लेन्स बदलली, दिवे हलवले, लाइटमन दादांनी थर्मोकोल पुढे सरकवलं. सहायकाने कॅमेऱ्यापासून नटाच्या डोळ्यांपर्यंत टेप लावून अंतर मोजलं. क्लॅप वाजला. नटाने खुर्ची ओढली, तो टेकला, आणि टेकताक्षणी दिग्दर्शनाचा विद्यार्थी ‘कट’ म्हणाला. मागे उभी असलेली संकलनाची विद्यार्थिनी कपाळाला हात लावून म्हणाली, “अरे, पूर्ण बसू दे की त्याला!”

तिचं बरोबर होतं. लांबच्या शॉटवरून जवळच्यावर उडी मारायची तर ती बसण्याच्या ऐन हालचालीत मारतात. आपली नजर हालचालीमागे जाते, त्यामुळे जोड दिसत नाही. पण नेमका कुठे जोडायचा हे संकलक टेबलावर ठरवणार. म्हणून ओढणं, वाकणं, टेकणं, सैलावणं ही सगळी क्रिया दोन्ही शॉटमध्ये पुरी हवी. शिवाय आधी डाव्या हाताने ओढलेली खुर्ची आता उजव्या हाताने ओढून चालत नाही. कन्टिन्युइटी लिहिणाऱ्या मुलीच्या वहीत हात, बटणं, पत्राची घडी, बाईच्या कपातल्या चहाची पातळी, सगळं टिपलेलं होतं. बसण्याला तीन सेकंद लागतात. त्यावर तासभर गेला.

दुपारनंतर भांडण झालं ते ॲक्सिसवरून. समोरासमोर बसलेल्या दोघांमधून एक काल्पनिक रेषा जाते. कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवला तर एक जण डावीकडे पाहतो, दुसरा उजवीकडे. रेषा ओलांडली की दोघंही एकाच बसची वाट पाहत असल्यासारखे दिसतात. सिनेमॅटोग्राफीच्या मुलाला खिडकीच्या बाजूचा प्रकाश हवा होता, म्हणून तो रेषा ओलांडायला निघाला होता. दिग्दर्शक तयार नव्हता. शिक्षक कोपऱ्यात बसून ऐकत राहिले, मध्ये पडले नाहीत. मला वाटतं, अशा संस्थेत शिकवण्याचा निम्मा भाग हाच असावा.

कॅमेरा डिजिटल होता, तरी टेकवर मर्यादा घातली होती. फिल्मच्या काळात ती आपोआप यायची. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे दीड फूट या वेगाने धावते. ४०० फुटांचं रीळ साडेचार मिनिटांच्या आत संपतं. डिजिटलमध्ये मेमरी कार्डावर हवं तेवढं चित्रित करता येतं, मग नेमकं काय हवं याचा विचार शूटिंग संपेपर्यंत लांबवता येतो. तो लांबवू नये म्हणून ही बंधनं.

ही जागा मुळात प्रभातची. १९३३ मध्ये प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आली आणि तिच्याच आवारात १९६० मध्ये सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केलं. १९७४ मध्ये दूरचित्रवाणीचं प्रशिक्षण त्यात आलं. ‘संत तुकाराम’ जिथे घडला तिथे आपण चहाच्या कपाची पातळी मोजतोय, याचं त्या मुलांना दडपण वगैरे आलेलं दिसलं नाही. जेवणाची सुट्टी कधी होणार, हा प्रश्न मोठा होता.

या आवारात शिरायला काय लागतं, हे मला दर वर्षी कुणी ना कुणी विचारतं. मुख्य अभ्यासक्रमांना कोणत्याही शाखेची पदवी चालते. आधी लेखी परीक्षा, त्यातून निवडलेल्यांना पुढच्या फेरीचं बोलावणं, आणि मग मुलाखत. काही वर्षं पुण्याची आणि कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेची परीक्षा एकत्र झाली होती. नियम बदलत राहतात, तेव्हा त्या त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचावं, मागच्या वर्षीच्या मित्रावर विसंबू नये. एकेका शाखेत जागा मोजक्याच.

मुलं तयारी करून येतात ती नावांची आणि सालांची. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३, ‘पथेर पांचाली’ १९५५. पुण्यात स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत, त्यांची सवय इथेही लागते. वस्तुनिष्ठ प्रश्नांना ती उपयोगी पडते, नाही असं नाही. पण लेखी परीक्षेत लिहायचंही असतं आणि तिथे पाठांतराचा दोर तुटतो.

बार्शीकडचा एक मुलगा सरावासाठी माझ्याकडे यायचा. निवृत्त माणसाची गोष्ट लिही म्हटलं, तर त्याने लिहिलं की त्या माणसाच्या मनात एकटेपणाची पोकळी दाटून आली होती. मी विचारलं, “कॅमेरा कुठे ठेवू? पोकळीसमोर?” तो हसला, मग बराच वेळ गप्प बसला. त्याचे वडील एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावरही रोज संध्याकाळी ते घरातली चिल्लर टेबलावर ओततात, रुपये, दोन रुपये, पाच रुपये अशा चळती लावतात आणि पुन्हा डब्यात भरतात. हे त्याने सहज सांगितलं, जणू गोष्टीशी त्याचा संबंधच नव्हता. मी म्हटलं, “हे लिही. आणि नाणी पडल्याचा आवाज लिही.”

आवाजाचं मी मुद्दाम म्हणाले. त्या दिवशी स्टुडिओत शेवटचा शॉट ओके झाल्यावर सगळे आवरायला लागले, तेव्हा ध्वनीच्या विद्यार्थ्याने सगळ्यांना जागच्या जागी थांबवलं होतं. एसी बंद, कुणी हलायचं नाही. मिनिटभर त्याने नुसत्या खोलीचा आवाज घेतला. रूम टोन. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. संवादांच्या तुकड्यांमध्ये ती भरली नाही तर प्रत्येक जोडावर कानाला ठेच लागते. उमेश कुलकर्णींचा ‘गिरणी’ हा इन्स्टिट्यूटमध्ये शिकताना केलेला लघुपट आठवा. घरात पिठाची गिरणी येते आणि मुलाचं जगणं तिच्या घरघरीत सापडतं. तो चित्रपट निम्मा कानांनी पाहायचा आहे. असा विचार करणाऱ्या मुलांनाही अर्ज भरताना दिग्दर्शनाशिवाय काही दिसत नाही, हे मला खटकतं. संकलन, ध्वनी, कलादिग्दर्शन हे काही दिग्दर्शनाचे राखीव खेळाडू नव्हेत.

पदवीचा विषय आडवा येत नाही, याचं ताजं उदाहरण चिदानंद नाईक यांचं. ते वैद्यकीय शिक्षण घेतलेले. पुण्यात दूरचित्रवाणी विभागाच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमात त्यांनी केलेल्या कन्नड लघुपटाला २०२४ मध्ये कान महोत्सवात विद्यार्थ्यांच्या विभागाचं पहिलं पारितोषिक मिळालं. म्हातारी कोंबडा चोरते आणि गावात सूर्य उगवेनासा होतो, अशी ती लोककथा. अशी एखादी कथा ऐकत आपण सगळेच मोठे होतो, पण तिचा अंधार कसा दिसेल हे कुणीतरी ठरवावं लागतं.

बार्शीच्या मुलाबरोबर एकदा त्याचे वडील आले. मुलाने घरातल्या चिल्लरीची गोष्ट मला सांगितलीय हे त्यांना कळलेलं होतं आणि आवडलेलं नव्हतं. “आमचं काय दाखवण्यासारखं आहे, मॅडम?” मग शाखा कोणकोणत्या, असं त्यांनी विचारलं. मी सांगितल्या. ध्वनीला पूर्वी बारावीला भौतिकशास्त्राची अट असे, तेही सांगितलं.

“ह्याचं सायन्सच होतं,” ते म्हणाले. “ध्वनीला अर्ज किती येतात?”

“दिग्दर्शनापेक्षा कमी.”

“आणि जागा तेवढ्याच?”

“जवळजवळ.”

त्यांनी खिशातून पेन काढलं, माझ्या टेबलावरचं जुनं पाकीट उलटं केलं आणि आकडेमोड सुरू केली. मुलगा म्हणाला, “बाबा, एसटीचं आरक्षण नाही हे.” त्यांनी हिशेब सोडला नाही.