टायमिंग बेल्ट बदलताय? मग टेन्शनर, वॉटर पंपाचंही बघा!

जुनी डस्टर डिझेल किंवा पोलो १.५ टीडीआय चालवणाऱ्यांना मेकॅनिक कधी ना कधी सांगतोच, 'बेल्टची वेळ झाली.' (स्विफ्ट डिझेलवाल्यांनी निर्धास्त राहावं, तिथे बेल्ट नाही, चेन असते.) पण एस्टिमेटमध्ये टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप, बोल्ट अशी यादी दिसली की शंका येते, हा आपल्याला कापतोय का? बहुतेक वेळा तसं नसतं.

टायमिंग बेल्ट क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्टचा मेळ राखतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक. हा मेळ चुकला तर वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, हेड उघडावं लागतं आणि खर्च बेल्टच्या कामाच्या कितीतरी पट होतो.

टेन्शनर आणि आयडलरच्या पुलीत सीलबंद बेअरिंग असतं. त्यातलं ग्रीस जुन्या बेल्टइतकंच जुनं. बेअरिंग जाम झालं, तर महिन्यापूर्वी टाकलेला नवा बेल्टही घासून तुटतो किंवा निसटतो.

या दोन्ही गाड्यांत वॉटर पंपही याच बेल्टवर फिरतो. तो सहा महिन्यांनी गळू लागला, तर तेच कव्हर, तेच इंजिन माउंटिंग पुन्हा खोलायचं आणि मजुरीही पुन्हा मोजायची. पंप बदलला की कूलंटही नवं घ्या, नळाचं पाणी भरू देऊ नका.

क्रँक आणि कॅमचं ऑइल सील ओलं दिसलं तर बदलाच, तेलाने बेल्ट खराब होतो. कोरडं ठणठणीत असेल तर आग्रह नको. काही बोल्ट मात्र घट्ट करताना ताणले जातात. मॅन्युअलमध्ये 'नवा वापरा' लिहिलं असेल तिथे जुना नको.

मुदत किलोमीटर आणि वर्षं अशी दोन्हींत असते. जे आधी भरेल ते धरायचं. पुण्या-मुंबईच्या कोंडीत मीटर हलत नाही, इंजिन मात्र चालूच असतं. सेकंडहँड गाडीची नोंद नसेल, तर बेल्ट बदललेला नाही असंच समजा.

गॅरेजमध्ये नुसत्या बेल्टचा आणि पूर्ण किटचा दर वेगवेगळा लिहून घ्या. काढलेले पार्ट परत मागा. जुनी पुली हाताने फिरवून पाहा, खरखर लागली तर बेअरिंग गेलेलंच होतं.