दिवटी फिरली की सावलीही फिरावी

धाराशिव जिल्ह्यातल्या नळदुर्गच्या किल्ल्याची तटबंदी समोरच्या उन्हात सपाट वाटते. तेच ऊन बाजूने, भिंतीला घासून आलं की काळ्या दगडाचा चिरा न् चिरा उठून दिसतो. बदलतो तो फक्त उजेडाचा कोन. मोबाइल गेममधल्या सपाट चित्रांवर, म्हणजे स्प्राइट्सवर, हलता उजेड पाडण्याचं तंत्र याच कोनावर उभं आहे.

समजा, किल्ल्यात अंधार आहे आणि तुळजाभवानीचा गोंधळी दिवटी घेऊन चालला आहे. चित्रकाराने सावल्या आधीच रंगवल्या असतील, तर दिवटी कुठेही गेली तरी त्या जागच्या हलणार नाहीत. म्हणून मूळ चित्र सावल्यांविना काढतात आणि त्याला जोडचित्र देतात, ते म्हणजे नॉर्मल मॅप. प्रत्येक ठिपक्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे, हे त्यात लाल, हिरव्या, निळ्या आकड्यांनी नोंदलेलं असतं. १२८, १२८, २५५ म्हणजे तोंड थेट आपल्याकडे; म्हणूनच हे मॅप जांभळट निळे दिसतात. सहसा लाल वाढला की तोंड उजवीकडे वळलं असं समजायचं.

पुढचा हिशोब योहान लॅम्बर्ट या शास्त्रज्ञाने १७६० मध्येच मांडून ठेवला आहे. उजेड समोरून आला तर पूर्ण, ६० अंशांनी तिरपा आला तर निम्मा, ९० अंशांवर शून्य. आकार न बदलता नुसती ठिपक्याच्या तोंडाची दिशा बदलली तरी पृष्ठभाग खडबडीत भासतो, हे जिम ब्लिन यांनी १९७८ मध्ये दाखवलं. संगणक-चित्रणातली इतकी साधी आणि इतकी देखणी कल्पना मला दुसरी दिसत नाही.

एक खाचखळगा मात्र लक्षात ठेवावा. गोंधळी मागे वळला की गेममध्ये तेच चित्र आरशासारखं उलटवतात. तेव्हा लाल आकड्याची दिशाही उलटवावी लागते, नाहीतर दिवटी उजवीकडे आणि उजळतो डावा गाल.

हे सारं फुकट मिळत नाही. १०८० बाय २४०० पडद्यावर सुमारे २६ लाख ठिपके असतात. सेकंदाला ६० चित्रं धरली, तर पडदाभर पसरलेल्या एकेका दिव्यामागे साडेपंधरा कोटी वेळा हिशोब होतो. स्वस्त फोन तापतो, बॅटरी उतरते. त्यामुळे दिवे मोजके ठेवावेत, त्यांचा घेरही लहान असावा.

गोडो हे गेम इंजिन मोफत आहे आणि त्यात नॉर्मल मॅपची सोय आहे. धाराशिवच्या मुलांनी पहिला प्रयोग नळदुर्गच्या तटबंदीवरच करून पाहावा.