डिजिटल पियानोचा आवाज गढूळ येतोय? आधी उजवं पेडल तपासा

बोटं बरोबर पडतात, तरी सूर एकमेकांत मिसळून नुसता कल्लोळ होतो. शिकाऊ वादकांची ही नेहमीची तक्रार. अनेकदा दोष पियानोचा नसतो. पाय पेडलवरून उचललेलाच नसतो.

कोणतं पेडल काय करतं?

उजवं, सस्टेन: हे दाबलं की बोट उचललं तरी सूर घुमत राहतो. सर्वाधिक वापर याचाच. नवी कॉर्ड वाजताच पाय उचला आणि लगेच पुन्हा दाबा. जुने सूर थांबतात, नवे टिकतात.

मधलं, सोस्टेनुटो: पेडल दाबताना ज्या की दाबलेल्या असतात, फक्त त्यांचेच सूर लांबतात.

डावं, सॉफ्ट: आवाज हलका, मऊ होतो.

पेडल उलटं चालतंय?

पाय उचलल्यावर सूर लांबत असेल, तर पियानो बंद करा. पेडलची पिन नीट लावा आणि पेडलला पाय न लावता पियानो सुरू करा. अनेक मॉडेल्स सुरू होतानाच पेडलची दिशा ओळखतात.

ही तीन सेटिंग्जही पाहा

रिव्हर्ब: सभागृहासारखा घुमारा देतो. सरावाला कमीच ठेवा, चुका स्पष्ट ऐकू येतात.

टच: की किती जोरात दाबल्यावर आवाज किती मोठा यावा, हे ठरवतो.

ट्रान्सपोज: +१ केलं की पांढरी एक दाबल्यावर काळी एकचा सूर येतो. गायकाची पट्टी बदलली तरी बोटं तीच. वाजवून झाल्यावर मात्र शून्यावर आणा. नाहीतर पुढच्या वेळी इतर वाद्यांशी सूर जुळणार नाही.