यंत्र एकाचे, हक्क दुसऱ्याचा!

भिवंडी, मालेगावात मजुरीवर कापड विणणाऱ्याचा माग स्वतःचा असतो. सूत आणि कापड व्यापाऱ्याचे. नफा कोणाकडे जातो, हे मागवाल्याला सांगावे लागत नाही. संगणकाच्या धंद्यातही नेमके हेच घडले. ती हकीकत आम्ही व्यापारी व कारागीर बंधूंपुढे ठेवत आहोत.

ऑगस्ट १९८१ मध्ये अमेरिकेच्या आयबीएम या बलाढ्य कंपनीने आपला छोटा संगणक बाजारात आणला. यंत्र आयबीएमचे, पण ते चालवणारे मूळ सॉफ्टवेअर बिल गेट्स यांच्या मायक्रोसॉफ्टने पुरवले. तेही मूळचे तिचे नव्हते. सिएटलच्या एका लहान कंपनीकडून त्याचे सर्व हक्क तिने जुलै १९८१ मध्ये ५० हजार डॉलर्सना घेतले होते.

आयबीएमशी करार करताना मात्र मायक्रोसॉफ्टने एक गोष्ट हातची जाऊ दिली नाही. तेच सॉफ्टवेअर इतर कारखानदारांना देण्याची मोकळीक तिने स्वतःकडे ठेवली. लवकरच कॉम्पॅकसारख्या कंपन्या तशीच यंत्रे बनवू लागल्या. चुरशीत यंत्रांचे भाव उतरले, कारखानदारांचा नफा घटला. सॉफ्टवेअरचे पैसे मात्र मायक्रोसॉफ्टकडे जात राहिले. अखेर २००४ मध्ये आयबीएमने हा धंदाच चीनच्या लेनोव्होला विकण्याचा करार केला.

अ‍ॅपलची चाल उलटी होती. १९८४ चा तिचा मॅकिंटॉश संगणक आणि त्याचे सॉफ्टवेअर, दोन्ही तिचेच. १९८५ मध्ये खुद्द गेट्स यांनी अ‍ॅपलला लिहून कळवले की, तुमचे सॉफ्टवेअर इतरांनाही द्या. अ‍ॅपलने ऐकले नाही. त्यावर पैसा लावणाऱ्यांत वाद रंगला. काही म्हणत, दार उघडा, नाहीतर बाजार हातचा जाईल. काही म्हणत, दार उघडले तर आपल्या यंत्राला विचारणार कोण?

१९९५ च्या सुमारास अ‍ॅपलने परवाने दिले, तेव्हा परवानेदार तिचेच गिऱ्हाईक ओढू लागले. १९९७ मध्ये परतलेल्या स्टीव्ह जॉब्स यांनी ते परवाने बंद केले. त्याच वर्षी प्रतिस्पर्धी मायक्रोसॉफ्टने अडचणीतल्या अ‍ॅपलमध्ये १५ कोटी डॉलर्स गुंतवले. बदल्यात मिळालेल्या शेअर्सना मताधिकार नव्हता. २००७ मध्ये आलेला आयफोनही अ‍ॅपलने बंद दाराआडच ठेवला आणि ती जगातल्या सर्वात मोठ्या कंपन्यांत जाऊन बसली.

मग खरा कोण? आमच्या मते दोन्ही कंपन्या. एकीने हक्क भाड्याने दिला, दुसरीने शेवटी स्वतःच वापरला. पण विकला कोणीच नाही. मागे पडला तो ज्याने यंत्र पाहिले आणि करार पाहिला नाही.

आपल्यालाही यातून तीन गोष्टी घेता येतील. शेअर घेताना कंपनीचा माल पाहावा, तसा त्यामागचा हक्क कोणाचा, हेही पाहावे. नक्षीचा नवा नमुना व्यापाऱ्याला देताना तो कायमचा विकला की एका ऑर्डरीपुरता वापरायला दिला, हे कागदावर लिहून घ्यावे. आणि दुकानाच्या हिशेबासाठी सॉफ्टवेअर घेताना ध्यानात ठेवावे की, बहुधा आपल्याला मिळतो तो फक्त वापराचा परवाना. उद्या ते बदलायचे झाले तर आपली उधारीची खाती बाहेर काढता येतील काय, हा प्रश्न पैसे मोजण्याआधी विचारावा. नंतर विचारून उपयोग नाही.