वाळू म्हणजे नुसतं फाईन ॲग्रीगेट नव्हे

सिव्हिलच्या पुस्तकात वाळूची ओळख एका ओळीत संपते : ४.७५ मि.मी.च्या चाळणीतून खाली पडते ती. आमच्या हिंगोलीच्या कयाधू नदीत मात्र ही वाळू वेगळंच काम करते.

कयाधू वाशिम जिल्ह्यात उगम पावते आणि हिंगोली, कळमनुरीकडून पुढे पैनगंगेला मिळते. उन्हाळ्यात पात्र वरून कोरडं ठणठणीत. पण जिथं वाळू शाबूत आहे तिथं हातभर उकरलं की झरा लागतो. आता हिशोब करू. समजा पात्र ५० मीटर रुंद, वाळूचा थर १ मीटर. एक किलोमीटरमध्ये ५०,००० घनमीटर वाळू झाली. कणांमधली पोकळी ३० टक्के धरली तर दीड कोटी लिटर पाणी, म्हणजे १०,००० लिटरचे १,५०० टँकर! (थोडं कणांना चिकटून राहतं, ते सोडून द्या.) वरचा थर वाळला की बाष्पीभवनही कमी होतं. ना सिमेंट, ना लाईटबिल.

खाली आपला काळा पाषाण. त्याच्या फटींत पाणी मुरायला वेळ लागतो आणि तो वेळ वाळू मिळवून देते. ती उपसली की पुराचं पाणी भसकन निघून जातं, पात्र खोल होतं आणि काठच्या विहिरींचं पाणी उलट नदीकडे ओढलं जातं. शिवाय हा पाषाण झिजून मुख्यतः काळी माती होते, वाळू थोडीच. म्हणजे खड्डा भरायला वर्षानुवर्षं लागणार.

मग ही वाळू कुणाची? नदीसारख्या गोष्टींचं सरकार फक्त विश्वस्त आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये कमलनाथ खटल्यात सांगितलं. २०१२ मध्ये ५ हेक्टरपेक्षा लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल असा आदेश झाला. तरी रात्री ट्रॅक्टर चालतातच! लोक म्हणतात, रॉयल्टी बुडाली. मला वाटतं ते नुकसान किरकोळ आहे. ज्याची विहीर आटली त्याला त्या ट्रॅक्टरमधला एक रुपयाही मिळत नाही, आणि माल घेणारे उद्या आपणच असणार, साईट इंजिनिअर म्हणून.

पर्याय आहे. आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीत दगड फोडून केलेली वाळूही बसते. टेकडी फुटते हे खरं, पण झरा तरी वाचतो. लॅबमध्ये चाळण्या आणि क्यूबचे साचे पडूनच असतात. दोन्ही वाळूंचे क्यूब टाकून २८ दिवसांची ताकद ताडून बघायला काय हरकत आहे?