बिजागरी पुढे की मध्ये?

दिल्लीत बिजागरीला कब्जा म्हणतात. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आमच्या दोन खोल्यांत टेबलाचं काम करायला आलेल्या मिस्त्रीने पहिल्याच दिवशी विचारलं, "साहब, कब्जा कहाँ चाहिए?" आणि मी क्षणभर गडबडलो. या शहरात हा प्रश्न सहसा वेगळ्या कारणांसाठी विचारला जातो. पण त्याने नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. माथा कलणारं टेबल बनवायचं, तर पाय किती जाड, लाकूड कोणतं, रंग कसला, हे सगळं नंतरचं. बिजागरी पुढच्या कडेला लावायची की मध्ये, हे ठरलं की निम्मं टेबल झालं.

गरज साधी होती. घरात माणसं चार आणि चौघांचे नाद चार. मला जलरंग, बायकोला देवनागरी सुलेखन, मुलीला हजार तुकड्यांची जिगसॉ आणि आईला ज्ञानेश्वरीची मोठ्या टायपातली जाडजूड प्रत. चौघांना चार टेबलं द्यायची तर झोपायचं कुठे, हा प्रश्न. शिवाय त्याच टेबलावर रात्री जेवणही व्हायचं होतं. म्हणजे टेबल सपाटही हवं, कलतंही हवं, आणि कललेलं असताना कोणी कोपर टेकलं तर दगा देणारं नको.

कल कशाला हवा? सपाट टेबलावर मोठा कागद ठेवून खुर्चीत बसलं की कागदाची लांबची कड नजरेला आखूड दिसते. तिथे गोल काढला तर तो चपटा वाटतो. डोळा ते भरून काढायला जातो आणि हात नकळत लांबट आकार काढतो. चित्र भिंतीवर टांगल्यावर चूक दिसते. फळी उचलून नजरेच्या काटकोनात आणली की ही फसवणूक थांबते. मान वाकवावी लागत नाही, हा फायदा वेगळाच. सुलेखनात आणखी एक कारण: उतार असला की बोरूतली शाई एकदम भसकन उतरत नाही. जलरंगाला मात्र थोडाच कल हवा. रंगाचा ओला थेंब हळूहळू खाली सरकत राहावा, पण धावू नये, एवढाच.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. पेढीवर गादीवर बसून जमाखर्च लिहिणाऱ्या मुनीमजींपुढे उतरत्या झाकणाचा बुटका डेस्क असायचा. पोथी ठेवायला एकाच फळीतून कोरलेलं, कातरीसारखं उघडणारं आसन असायचं. त्याला खिळा नाही की बिजागरी नाही, लाकूडच लाकडात अडकलेलं. इंग्लंडात अठराव्या शतकात एका खांबावरची गोल टेबलं निघाली, त्यांचाही माथा कलत असे. पण ते काम करण्यासाठी नव्हे. चहापान आटोपलं की माथा उभा करून टेबल भिंतीला लावून ठेवायचं. कलण्याचे हे दोन हेतू एकमेकांत मिसळले की टेबल फसतं, असं माझं मत झालं आहे. बाजारात मिळणारी बरीचशी घडीची टेबलं मनाने त्या दुसऱ्या जातीची असतात: ठेवायला छान, लिहायला बसलं की डुगडुगतात.

रस्त्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण कलती फळी इथे परकी नाही. कस्तुरबा गांधी मार्ग म्हणजे पूर्वीचा कर्झन रोड, इंडिया गेटकडून कनॉट प्लेसला जाणारा. नवं महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर आहे, त्यामुळे मराठी माणसाला पत्ता सांगणं सोपं जातं. पुढे १७ क्रमांकाला ब्रिटिश कौन्सिलची इमारत, चार्ल्स कोरिया यांनी आखलेली आणि १९९२ मध्ये पूर्ण झालेली. तिच्या दर्शनी भिंतीवर हॉवर्ड हॉजकिन यांचा प्रचंड वृक्ष पसरलेला आहे, पांढऱ्या संगमरवरात आणि आपल्या ओट्यांच्या ओळखीच्या काळ्या कडप्प्यात. त्या काळापर्यंत वास्तुविशारदाची कचेरी म्हणजे कलत्या फळ्यांची रांगच असे. दिल्लीतल्या अशा फळ्यांवर मराठी हातही कमी नव्हते. आचऱ्याला १९१६ साली जन्मलेले अच्युत कानविंदे मुंबईच्या जे.जे.मध्ये शिकले, हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियस यांच्याकडे गेले, आणि १९५५ मध्ये शौकत राय यांच्यासोबत दिल्लीत त्यांनी आपली कचेरी थाटली. कानपूरच्या आयआयटीचा परिसर त्यांचा. मग संगणक आले आणि फळ्या भंगारात निघाल्या. मला माझी पहिली फळी अशीच एका कबाड्याकडे मिळाली.

ती उलटी करून पाहिली आणि पुष्कळ शिकलो. तीन-चार अरुंद फळ्या जोडून वरचा पृष्ठभाग केला होता. मागून दोन आडव्या पट्ट्या, पण त्यांचे स्क्रू गोल भोकांत नव्हते, लांबट खाचांत होते. शिवाय मागच्या बाजूने करवतीने उथळ चरे पाडलेले. लाकूड दमट हवेत रुंदीकडे फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. त्याला सरकायला जागा ठेवली नाही तर ते वाकतं किंवा तडकतं. मे महिन्याची लू आणि ऑगस्टचा दमटपणा एकाच घरात सोसायचा असेल, तर ही युक्ती किती मोलाची ते दिल्लीकराला वेगळं सांगायला नको. भारतीय मानकात अशा फळ्यांची मापंही ठरलेली आहेत: आयएस १४४४ प्रमाणे डी-१ म्हणजे १००० बाय ७०० मिलिमीटर आणि डी-२ म्हणजे ७०० बाय ५००.

आमच्या टेबलाला मी ९०० बाय ६०० घेतलं. ए-१ कागद ८४१ बाय ५९४ असतो. तो यावर जेमतेम बसतो, वर-खाली बोटभरही जागा उरत नाही. पण प्लायवूडची शीट आठ फूट बाय चार फूट येते आणि चार फुटांचे दोन भाग केले की करवतीची फट जाऊन ६०० मिळतात. कागदाचं माप सोडून शीटचं माप धरणं शुद्धतावाद्यांना आवडणार नाही. प्लाय कीर्तीनगरहून आणला, १८ मिलिमीटर जाडीचा. बिजागऱ्या आणि स्क्रू चावडी बाजारातून. सनमायका वर आणि खाली, दोन्हीकडे लावला. एकाच बाजूला लावला तर काही महिन्यांत फळी वाटीसारखी वळते. मिस्त्री म्हणाला, "नीचे कौन देखता है?" मी म्हटलं, हवा बघते. त्याला पटलं नाही, पण लावला.

आता बिजागरी. मध्ये अक्ष ठेवला तर फळी तोललेली राहते, एका बोटाने हलते. दुकानात असं टेबल हलवून दाखवलं की गिऱ्हाईक खूश. पण ३० अंशांना पुढची कड १५० मिलिमीटर खाली येते आणि खुर्चीत बसलेल्या माणसाच्या मांड्यांना लागते. त्याहून वाईट म्हणजे पुढे कोपर टेकलं की सगळा जोर कुलपाच्या बोल्टवर. बोल्ट सैल झाला की फळी सुटते, वर शाईची दौत असेल तर विचारूच नका. बिजागरी पुढच्या कडेला लावली तर उचलताना मागची कड हातात घ्यावी लागते. आमची फळी साडेसात किलोंची, म्हणजे हातावर जेमतेम पावणेचार किलो येतात. आणि कोपर टेकतं ते बिजागरीजवळ, म्हणून भार पायांत उतरतो. उचलायला जड, टेकायला भरवशाचं. आम्ही पुढची कड निवडली.

फळीला टेकू देणाऱ्या दोन काठ्या, प्रत्येकी ३०० मिलिमीटर लांब, बिजागरीपासून ४५० मिलिमीटर मागे फळीला जोडलेल्या. त्यांची खालची टोकं चौकटीतल्या खाचांत बसतात. काठीचं खालचं टोक पुढच्या बाजूला, म्हणजे फळी सपाट केली की ती आत निजते. मी कागदावर हिशेब केला तेव्हा दोन गोष्टींनी चकित केलं. एक, खाचा सारख्या अंतरावर येत नाहीत: १५ अंशांची खाच बिजागरीपासून १५८ मिलिमीटरवर, ३० अंशांची १९१वर आणि ४० अंशांची २६५वर. दुसरं, फळी जितकी कमी उचलावी तितका काठीवर दाब जास्त. नुसत्या फळीच्या वजनाने ४० अंशांना दोन्ही काठ्यांवर मिळून साधारण सात किलो, ३० अंशांना चौदा, आणि १५ अंशांना पस्तीस. आडवी पडत चाललेली काठी उचलण्याऐवजी ढकलायलाच लागते, म्हणून असं होतं. मिस्त्रीने प्लायच्या पट्टीच्या काठ्या कापून ठेवल्या होत्या. त्या बाजूला ठेवून सागवानाच्या करायला लावल्या. त्याने आकडे पाहिले नाहीत. पट्टी दोन बोटांनी वाकवून बघितली आणि मान हलवली.

पुढच्या कडेला पेन्सिल घसरू नये म्हणून पट्टी हवी. पण तीच पट्टी लिहिताना मनगटाला कापते आणि जेवताना ताटाला अडते. म्हणून ती दोन खुंट्यांवर बसते आणि काढून ठेवता येते. दुसऱ्याच आठवड्यात ती हरवली, मग मुलीच्या जिगसॉच्या डब्यात सापडली.

टेबल तयार झालं. बायकोला ४० अंश आवडले, आईला ३०. मुलीचं म्हणणं, तुकडे सपाटावरच बरे. राहिलो मी. मला जलरंगासाठी ८ अंश हवे होते. पुन्हा हिशेब मांडला: ८ अंशांची खाच १५२ मिलिमीटरवर येते, सपाट अवस्थेतल्या जागेपासून फक्त दोन मिलिमीटरवर. दोन मिलिमीटरांत खाच पाडता येत नाही, आणि पाडलीच तरी काठ्यांवर सत्तर किलोंचा दाब.

मिस्त्रीला हे सांगितलं तेव्हा तो हत्यारं आवरत होता. त्याने कापून उरलेल्या लाकडाच्या ढिगातून एक ठोकळा उचलला, मागची कड वर करून खाली सारला आणि विचारलं, "इतना?" मी मोजून पाहिलं. ठोकळा ऐंशी मिलिमीटरांचा निघाला, हवे होते त्र्याऐंशी. खाली सनमायक्याचे तीन तुकडे चिकटवले. खालून एक खुंटी बसवली, म्हणजे तो सरकत नाही. आता काठ्या बहुतेक दिवस निजलेल्याच असतात. आई पोथी वाचते तीसुद्धा ठोकळ्यावरच, कारण काठी खाचेत बसवायला वाकावं लागतं आणि ठोकळा उभ्याउभ्या बसवता येतो.