यंत्राचा स्पर्श आणि माणसाचा स्पर्श

‘रोबो’ हा शब्द आता रिसोडच्या पोराटोरांच्याही तोंडी आहे. त्याचे मूळ मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. कारेल चापेक या झेक नाटककाराने १९२० साली लिहिलेल्या ‘आर.यू.आर.’ या नाटकातून तो जगभर गेला. झेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे जमीनदारासाठी कुळाने सक्तीने करावयाचे काम. आपल्या भाषेत वेठबिगार. ज्यांच्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या गावकीची कामे उपसली, ज्यांच्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे बिल मांडले, त्यांना हा शब्द परका वाटू नये. म्हणून विद्यापीठांतील संशोधक जेव्हा शिक्षणासाठी आणि शुश्रूषेसाठी यंत्रमानव घडवू लागतात, तेव्हा तो विषय केवळ इंजिनिअरांचा राहत नाही. तो आपलाही होतो.

कारखान्यातला यंत्रमानव लोखंड जोडतो, रंग देतो. त्याला डोळे नसले तरी चालते. सामाजिक यंत्रमानवाचे काम वेगळे आहे. त्याने माणसाकडे पाहावे, बोललेले ऐकावे, मान हलवावी आणि समोरच्याला आपल्याकडे कोणाचे तरी लक्ष आहे असे वाटावे, यासाठी तो घडविलेला असतो. कॅमेरा, ध्वनिग्राहक, काही मोटारी आणि संगणक एवढेच त्याचे शरीर. बाकीचे काम माणसाचे मन करते. जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली अमेरिकेत ‘एलायझा’ नावाची संगणकीय आज्ञावली लिहिली. ती माणसाचेच वाक्य थोडे फिरवून प्रश्न म्हणून परत करीत असे. तरीही माणसे तिच्यापाशी मन मोकळे करू लागली. हे पाहून तिचा निर्माताच अस्वस्थ झाला आणि पुढे यंत्राच्या मर्यादांविषयी आयुष्यभर लिहीत राहिला.

या मनोधर्माचा चांगला उपयोगही झाला आहे. जपानमध्ये ताकानोरी शिबाता यांनी ‘पारो’ हा सीलच्या पिलासारखा मऊ यंत्रप्राणी बनविला. स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध त्याला कुरवाळतात व शांत होतात. इंग्लंडच्या हर्टफर्डशायर विद्यापीठात २००५ पासून ‘कास्पर’ हा बालकाएवढा यंत्रमानव विकसित झाला. त्याचा चेहरा मुद्दाम साधा ठेवला आहे. स्वमग्न मुलांना माणसाच्या चेहऱ्यावरील क्षणाक्षणाला पालटणारे भाव गोंधळात टाकतात. कास्परचे मोजके, पुन्हापुन्हा तसेच येणारे भाव त्यांना वाचता येतात.

आपल्या देशातले उदाहरण वायनाडचे. केरळातील या जिल्ह्यात आदिवासींची मोठी वस्ती आहे. तेथील एका सरकारी प्राथमिक शाळेत ग्लासगो विद्यापीठ आणि अमृता विश्व विद्यापीठम् यांच्या संशोधकांनी ‘पेपे’ नावाचा हाताच्या पंजाच्या आकाराचा यंत्रमानव हात धुण्याच्या जागी भिंतीवर बसविला. त्याला हलणारे डोळे होते आणि तोंडाच्या जागी छोटा पडदा. तो मुलांना हात धुवायला सांगे. सुमारे शंभर मुलांवरचा हा प्रयोग २०१९ साली जाहीर झाला. हात धुण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी वाढल्याचे संशोधकांनी सांगितले.

हा प्रयोग वाचताना माझ्या मनात नळाचाच विचार आला. ज्या देशात भीमराव नावाच्या विद्यार्थ्याला शाळेतल्या नळाला हात लावण्याची मुभा नव्हती, शिपाई हजर नसेल तर तहानलेले राहावे लागे, ज्या देशात पाण्यासाठी १९२७ साली महाडचा सत्याग्रह करावा लागला, त्या देशात नळावर बसलेला यंत्रमानव प्रत्येक मुलाला सारखेच बोलावतो. ही गोष्ट क्षुल्लक नाही. माझे काही विद्यार्थी म्हणतात, ‘सर, यंत्र आडनाव विचारत नाही.’ या वाक्यामागचे दुःख मी समजू शकतो. मागच्या बाकावर ढकललेल्या मुलाला दहा वेळा तोच प्रश्न विचारता यावा आणि उत्तरात तुच्छता नसावी, ही अपेक्षा माणसांनी पुरी केली नाही म्हणूनच तो यंत्राकडे पाहतो.

परंतु येथे दोन गोष्टी नीट तपासल्या पाहिजेत. पहिली, यंत्राला जात नसली तरी त्याचे कान कोणाच्या बोलण्यावर तयार झाले, हा प्रश्न उरतोच. मुंबईत पवई येथील केंद्रीय विद्यालयाचे शिक्षक दिनेश पटेल यांनी पुठ्ठा, प्लास्टिक असे टाकाऊ साहित्य वापरून ‘शालू’ ही यंत्रशिक्षिका बनविली. ती ९ भारतीय भाषा बोलते, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले. एका शिक्षकाचा हा उद्योग कौतुकास्पद आहे. पण रिसोडच्या वस्तीतले पोरगे ‘मले नाही समजलं, काहून असं झालं?’ असे विचारील. बोलणे ओळखणारे यंत्र नमुन्यांवरून शिकते. नमुने पुस्तकी मराठीचे असतील तर हे पोरगे त्याला चुकीचे बोलणारे वाटेल. म्हणजे शुद्धाशुद्धतेचा जुना दंडक नव्या देहात शाळेत परत येईल.

दुसरी गोष्ट पडद्यामागची. अशा अनेक प्रयोगांत यंत्र स्वतः बोलत नसते. आडोशाला बसलेला माणूस ते चालवीत असतो. पेपेही दुरून माणसाकडूनच चालविला जात होता. संशोधनाची ही मान्य पद्धत आहे, त्यात लबाडी नाही. तरी आपण त्यातून एक बोध घ्यावा. यंत्र चमकते तेव्हा मागे राबणारा हात दिसेनासा होतो. शुश्रूषेच्या क्षेत्रात हे फार जुने आहे. अंथरुणाला खिळलेल्याचे मलमूत्र काढणारी बाई, गावोगाव फिरणारी आशाताई, अंगणवाडीची मदतनीस यांच्या कामाला समाजाने कधी पुरेशी किंमत दिली नाही. त्यांच्या मानधनाचा प्रश्न तसाच ठेवून वृद्धांसाठी यंत्र आणणे म्हणजे सेवेला प्रतिष्ठा देणे नव्हे. सेवा करणाऱ्या माणसाला टाळणे होय.

याचा अर्थ आपण यंत्राचे वैरी आहोत असा कोणी करू नये. बाबासाहेबांनी १९४५ च्या ‘काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या ग्रंथात यंत्रयुगाची बाजू घेतली आहे. माणसाला पशुवत् कष्टांतून सोडवून फुरसत आणि संस्कृती द्यायची तर यंत्र हवे, दोष यंत्राचा नसून समाजरचनेचा आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हीच कसोटी लावावी: यंत्र कोणाचे कष्ट आधी हलके करते? हाताने मैला साफ करविण्यावर बंदी घालणारे कायदे १९९३ व २०१३ साली झाले, तरी गटारात माणसे गुदमरून मरत राहिली. केरळातील तरुण इंजिनिअरांनी मॅनहोल साफ करणारा ‘बँडिकूट’ २०१८ साली प्रत्यक्षात आणला. बोलके डोळे नसलेला हा यंत्रमानव मला सर्वांत सामाजिक वाटतो.

वाशीम जिल्हा २०१८ साली आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. अशा जिल्ह्यांत नवे प्रयोग येतील, यंत्रेही येतील. ती आली की कार्यकर्त्यांनी व शिक्षकांनी हार घालून मोकळे होऊ नये. मुलांचे चेहरे आणि आवाज टिपले जातात ते कोठे साठतात? पालकांना त्यांच्या भाषेत समजावून संमती घेतली का? प्रयोग संपल्यावर यंत्र शाळेत राहणार की संशोधकांबरोबर परत जाणार? आणि त्यामुळे शिक्षकाची एखादी जागा रिकामी ठेवली जाणार नाही ना? आपली मुले प्रयोगाचा विषय पुष्कळ वेळा झाली. आता त्यांच्यातूनच यंत्र घडविणारे संशोधक निघाले पाहिजेत. स्पर्शाचा प्रश्न यंत्र सोडवणार नाही. तो माणसांनी माणसांशीच सोडवावयाचा आहे.